ऑटिस्टिक मुलाची मैत्री: आधी दमणूक ओळखा, मग खेळ मांडा

ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे स्वतः, त्यामुळे शब्दार्थ चुकीचा नाही. पण या शब्दाने एक गैरसमज घट्ट करून ठेवला आहे: हे मूल स्वतःतच रमतं, त्याला कुणाची गरज नाही. सन २००० मध्ये निरित बाउमिंगर आणि कॉनी कसारी या संशोधकांनी बोलू शकणाऱ्या ऑटिस्टिक मुलांनाच एकटेपणाबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी इतर मुलांपेक्षा जास्त एकटेपणा सांगितला. कोपऱ्यात ठोकळ्यांची रांग लावणारं मूल कधी खरंच मजेत असतं, तर कधी समोरच्या गलक्यात शिरायचं कसं हे न कळल्यामुळे तिथे बसलेलं असतं. बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं.

आणि मग मदत सुरू होते ती बहुतेकदा चुकीच्या टोकाकडून. नजरेला नजर दे, हसून बोल, हॅलो म्हण, खेळणी वाटून घे. यातून मूल फार तर काही मिनिटं इतरांसारखं दिसायला शिकतं, मैत्री करायला शिकत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहिलं की ऐकणंच जमत नाही, असं अनेक ऑटिस्टिक माणसं सांगतात. मूल खाली बघत, हातातली दोरी फिरवत ऐकत असेल, तर ते ऐकत आहे.

अडचण दोन्ही बाजूंना असते

डेमियन मिल्टन हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ मध्ये त्यांनी मांडलेला मुद्दा असा: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं आपण म्हणतो, पण इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन तितकंच कळत नाही. न जुळण्याचं खापर मात्र एकाच्याच डोक्यावर फुटतं. पुढे २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग केला. आठ-आठ प्रौढांच्या साखळ्या केल्या आणि एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी एक गोष्ट पुढे सांगायची होती. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, साधारण तितकीच ती एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत टिकली. तपशील जास्त गळाले ते मिश्र साखळीत.

नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास जास्त अस्वस्थ करणारा आहे. ऑटिस्टिक व्यक्तींच्या काही सेकंदांच्या चित्रफिती पाहूनच लोकांनी त्यांच्याशी बोलायला, शेजारी बसायला कमी उत्सुकता दाखवली. तेच बोलणं फक्त लिहून वाचायला दिलं तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणजे नकार मिळतो तो बोलण्याच्या सुरावर, चेहऱ्यावर, हालचालींवर, आशयावर नव्हे. वर्गातलं मूल पहिल्याच दिवशी 'विचित्र' ठरतं ते असं. म्हणून निम्मं काम आजूबाजूच्या मुलांसोबत आणि मोठ्यांसोबत करावं लागतं, आणि मित्र शोधताना दुसरं ऑटिस्टिक मूलही आवर्जून विचारात घ्यावं. 'त्याने नॉर्मल मुलांतच मिसळावं' या हट्टापायी कित्येकदा सर्वांत सोपी मैत्री हातची जाते.

आधी दमणूक

शाळेत दिवसभर शहाण्यासारखं वागलेलं मूल घरात पाऊल टाकताच मोजे टोचतात म्हणून आकांत करतं. पालकांना वाटतं, शाळेत नीट असतं, मग घरीच नाटक का? कारण दिवसभर त्याने आवाज, उजेड, गर्दी सोसली, हात हलवायची ऊर्मी दाबली, इतरांकडे बघून कधी हसायचं ते ठरवलं. याला मुखवटा वागवणं म्हणतात आणि त्यात प्रचंड शक्ती जाते. मुली हा मुखवटा विशेष चांगला वागवतात, त्यामुळे त्यांचं निदान पुष्कळदा उशिरा होतं. अशा वेळी संध्याकाळी आणखी एक 'सोशल स्किल्स'चा वर्ग लावणं म्हणजे आधीच रिकाम्या झालेल्या बॅटरीवर आणखी दिवे लावणं. शाळेतून आल्यावर तासभर प्रश्न नकोत, सूचना नकोत. आवडीचं काम, ओळखीची जागा आणि कमी उजेड पुरतो. मैत्रीचा सराव सुट्टीच्या दिवशी, झोप आणि पोट भरलेलं असताना करावा.

दुसरी अडचण भावना ओळखण्याची. 'तुला काय वाटतंय?' या प्रश्नाला बरीच ऑटिस्टिक मुलं 'माहीत नाही' म्हणतात आणि ते खरं असतं. आपली भावना ओळखता आणि शब्दांत सांगता न येणं याला अलेक्सिथिमिया म्हणतात. २०१९ च्या एका एकत्रित आढाव्यात सुमारे निम्म्या ऑटिस्टिक लोकांमध्ये तो आढळला, तर इतरांमध्ये शंभरात पाच जणांमध्ये. शरीराच्या आतले संकेत, म्हणजे भूक, लघवीची भावना, छातीची धडधड, हेही काहींना उशिरा किंवा एकदम जोरात जाणवतात. त्यामुळे राग 'अचानक' आला असं दिसतं. तो अर्ध्या तासापासून चढत असतो, पण त्या मुलालाही पत्ता नसतो.

म्हणून भावनांच्या नावांपासून सुरू करू नये, शरीरापासून करावं. एक ते पाच अशी पट्टी बनवा. मूल शांत असताना, त्याच्याच शब्दांत आणि त्याच्या आवडीच्या विषयावर ती बनवायची: रेल्वे आवडत असेल तर गाडीचा वेग, अंतराळ आवडत असेल तर रॉकेटचे टप्पे. प्रत्येक आकड्यासमोर शरीरात काय होतं आणि त्या वेळी काय केलं तर बरं वाटतं, एवढंच लिहा. उदाहरणार्थ:

१ – अंग सैल, गुणगुणावंसं वाटतं. काही करायची गरज नाही.
२ – पाय हलतात, तेच तेच विचारावंसं वाटतं. पाणी पी, थोडं चाल.
३ – कान गरम, खांदे वर, आवाज मोठे वाटतात. हेडफोन लाव, 'बाहेर जायचंय' असं कार्ड दाखव, बाहेर जा.
४ – हाताच्या मुठी, शब्द सापडत नाहीत. मोठ्या माणसाने शांत जागी न्यावं, बोलू नये.
५ – ताबा सुटला. फक्त सुरक्षित ठेवावं.

हे फसतं ते ठरावीक कारणांनी. पट्टी फक्त राग आल्यावर बाहेर काढली की ती शिक्षा वाटू लागते; म्हणून दिवसातून दोन-तीनदा, चांगल्या वेळीही आकडा विचारा. मोठ्यांनी स्वतःचा आकडा मोठ्याने सांगणं तर सर्वांत उपयोगी: 'मी आत्ता तीनवर आहे, खांदे आखडलेत, दोन मिनिटं खिडकीपाशी बसते.' पाचवर असलेल्या मुलाला आकडा विचारणं निरर्थक आहे. आणि तीनवर बाहेर जायची परवानगी मागितली आणि 'आधी हे पूर्ण कर' असं उत्तर मिळालं, तर मूल एकदाच शिकतं: तीन सांगून उपयोग नाही, पाचच व्हावं लागतं.

पाचवरचा स्फोट म्हणजे हट्ट नव्हे. हट्ट करणारं मूल अधूनमधून आपल्याकडे बघतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. हा स्फोट वस्तू मिळाली तरी थांबत नाही. काही मुलं उलट मिटून जातात, बोलणं बंद होतं, हलत नाहीत. हीही तीच अवस्था, फक्त आवाजाशिवाय. दोन्हीत शब्द कमी करा, उजेड आणि माणसं कमी करा, अंतर ठेवा, प्रश्न विचारू नका. सावरायला वीस मिनिटं लागू शकतात किंवा अर्धा दिवसही. 'आता सॉरी म्हण' हे त्या दिवशी नकोच. काय झालं याची चर्चा दुसऱ्या दिवशी, शेजारी शेजारी बसून, कागदावर.

घरी खेळायला बोलावताना

सुरुवात एकाच मुलापासून. तिघं झाले की दोघांची जोडी जमते आणि तिसरं बाहेर पडतं. ते तिसरं कोण असणार हे सांगायला नको. पाहुणा निवडताना 'कोण समजूतदार आहे' यापेक्षा 'कुणाला हाच विषय आवडतो' हे बघा. फार समजूतदार मूल पुष्कळदा मदतनीस बनतं, मित्र बनत नाही.

पहिली भेट ४५ मिनिटांची पुरे. लोक अडीच तास ठरवतात, पहिला तास छान जातो, दुसऱ्यात सगळं बिघडतं आणि दोन्ही मुलांच्या आठवणीत बिघडलेला शेवट राहतो. त्यापेक्षा रंगात असतानाच थांबवा. आदल्या दिवशी मुलासोबत बसून चार ओळींचा कार्यक्रम लिहा किंवा चित्रांत काढा: पहिला खेळ, खाणं, दुसरा खेळ, टाटा. जी खेळणी कुणी हाताळलेली चालणार नाहीत ती मुलानेच निवडून कपाटात ठेवावीत. सगळं वाटून घ्यायची सक्ती नको. मोठी माणसंही आपली डायरी पाहुण्यांपुढे ठेवत नाहीत. दमल्यावर एकटं बसायची जागा ठरवा आणि तिथे जाण्यासाठी एक कार्ड किंवा खूण. पाहुण्या मुलालाही सरळ सांगा: 'तो मध्येच पाच मिनिटं आत जाईल, तुझ्यावर रागावलेला नसेल.' हे एक वाक्य अनेक गैरसमज वाचवतं.

खेळ असा निवडा ज्यात बोलणं कामापुरतं लागतं आणि शेवट स्पष्ट असतो. हार-जीत असलेले खेळ पहिल्या दोन-तीन भेटींत टाळावेत. मानसशास्त्रज्ञ डॅनिअल लेगॉफ यांनी २००४ मध्ये मांडलेली लेगो ठोकळ्यांची पद्धत इथे फार चांगली बसते. एक मूल इंजिनिअर: नकाशा फक्त त्याच्यापाशी, तो तोंडी सूचना देतो. दुसरं पुरवठादार: मागितलेला तुकडा शोधून देतं. तिसरं बांधणारं. थोड्या वेळाने भूमिका बदलायच्या. दोघंच असतील तर पुरवठा आणि बांधणी एकाकडे द्या. यात एकमेकांशी बोलल्याशिवाय काम पुढे सरकतच नाही, त्यामुळे 'त्याच्याशी बोल' असं कुणाला सांगावं लागत नाही. चित्रकोडं, विज्ञानाचा प्रयोग, नकाशा काढणं यांतही हीच विभागणी करता येते.

मोठ्या माणसाने ऐकू येईल इतक्या अंतरावर राहावं. कुणाला लागणार असेल, खेळ पूर्ण अडला असेल किंवा मूल तीनच्या वर गेलं असेल तरच मध्ये पडावं, आणि एक वाक्य बोलून मागे व्हावं. दोन मुलं दहा मिनिटं एकमेकांशी न बोलता शेजारी बसून आपापलं चित्र काढत असतील तर ती भेट फसलेली नाही.

शब्द आणि नियम समजावताना

मुलांच्या खेळातली भाषा लपवाछपवीने भरलेली असते. 'तुझ्यावर राज्य' हे ऐकून एखाद्याला बक्षीस मिळालं असं वाटू शकतं. सर्वांत जास्त त्रास देतो तो 'कट्टी' हा शब्द. इतर मुलं सकाळी कट्टी घेतात आणि दुपारी विसरतात. ऑटिस्टिक मूल ती कायमची समजून आठवडाभर झोपत नाही, कारण बट्टीची घोषणा झालेलीच नसते. अशा गोष्टी भांडण होण्याआधी समजावून ठेवाव्या लागतात.

त्यासाठी अमेरिकी शिक्षिका कॅरल ग्रे यांची 'सोशल स्टोरी' ही पद्धत उपयोगी आहे. छोटा, खरा, शांत मजकूर लिहायचा. 'काय करावं' असं सांगणाऱ्या प्रत्येक वाक्यामागे काय घडतं आणि का घडतं हे सांगणारी निदान दोन वाक्यं हवीत. जसं: 'कधी कधी मुलं एकमेकांना कट्टी म्हणतात. तिचा अर्थ बहुतेक वेळा "मला आत्ता राग आलाय" असा असतो. राग उतरला की मुलं पुन्हा खेळायला लागतात, पण कट्टी संपली असं बहुधा कुणी सांगत नाही. मला कुणी कट्टी म्हणालं तर मी दुसरं काम करू शकतो आणि उद्या पुन्हा बघू शकतो.' यातले 'कधी कधी', 'बहुतेक', 'बहुधा' हे शब्द मुद्दाम आहेत. 'नेहमी' लिहिलं आणि एकदा तसं झालं नाही, की मुलाच्या लेखी सगळा कागद खोटा. चूक झाल्यावर रागाने वाचायला लावलेली सोशल स्टोरी म्हणजे नुसतं लांबलेलं रागावणं.

भांडण होऊन गेलं असेल तर ते कागदावर चित्रांत काढायचं. रेघांची माणसं, बोलण्यासाठी फुगा, मनातल्यासाठी ढग. आधी मुलाची बाजू पूर्ण काढू द्यावी: तो काय म्हणाला, मनात काय होतं. मग दुसऱ्याच्या ढगात काय असेल? इथे मोठ्यांनी 'कदाचित' वापरावं, कारण आपल्यालाही खात्री नसते. 'त्याने मला ढकललं' यातलं ढकलणं रांगेतल्या धक्क्याने झालं की मुद्दाम, हे कागदावर पुष्कळदा पहिल्यांदा दिसतं. आणि कधी कधी मुलाचंच बरोबर होतं हेही.

चालू खेळात शिरणं हे सर्वांत अवघड कौशल्य. 'मी येऊ का खेळायला?' हा शिकवलेला प्रश्न बऱ्याचदा 'नाही' मिळवून देतो, कारण प्रश्न विचारला की नकार देणं सोपं होतं. त्याऐवजी आधी एक-दोन मिनिटं बाजूला उभं राहून खेळ काय आहे ते बघायचं. मग खेळात खंड पडेपर्यंत थांबायचं. मग खेळाला उपयोगी असं काही करायचं: लांब गेलेला चेंडू आणून देणं, गुण मोजणं, आणखी एक ठोकळा पुढे करणं. नियम बदलायला सुचवायचं नाही. जमलं नाही तर काय करायचं हेही आधीच ठरलेलं असावं, नाहीतर नकारानंतरची दहा मिनिटं मूल तिथेच गोठून उभं राहतं. घरी मोठ्यांसोबत याची तालीम करताना मोठ्यांनी अधूनमधून 'नाही' म्हणावं. नेहमी 'हो' मिळणारी तालीम मैदानावर कामाची नाही.

एकाच विषयावर तासभर बोलणं हा दोष मानून बंद करू नये. तो विषय त्या मुलाचा आनंद आणि विसावा आहे, मित्र मिळायची वाटही बहुधा तीच. वागणूक चुकली म्हणून तो काढून घेणं तर अजिबात नको. समोरच्याला ऐकायचं आहे की नाही हे तपासायची एक ठोस रीत द्या: तीन वाक्यं बोल, मग 'आणखी सांगू का?' विचार. चेहऱ्यावरून ओळख असं सांगण्यापेक्षा हे कितीतरी पेलणारं आहे.

जे मूल बोलत नाही त्याच्यासाठी चित्रांची पाटी किंवा बोलणारा टॅबलेट खेळातही हातापाशी हवा. बहुतेक पाट्यांवर पाणी, शू, भूक हेच सापडतं. मैत्रीला लागणारे शब्द वेगळे असतात: 'माझा टर्न', 'पुन्हा', 'थांब', 'नको', 'हे बघ', 'मजा आली'. समोरच्या मुलांना एकच गोष्ट शिकवा: बोलून झाल्यावर मनात दहापर्यंत मोजून थांबा. उत्तर बहुतेकदा आठव्या-नवव्या आकड्याला येतं, आणि तोवर आपण प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारून त्याचं जुळलेलं सगळं मोडलेलं असतं.

शाळेत

मधली सुट्टी ही इतरांची विश्रांती आणि ऑटिस्टिक मुलाचा सर्वांत कठीण तास. आवाज सर्वांत जास्त, नियम सर्वांत कमी. कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ६ ते ११ वर्षांच्या, नेहमीच्या वर्गात शिकणाऱ्या ६० ऑटिस्टिक मुलांबाबत केलेला प्रयोग इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. काहींना प्रौढ मार्गदर्शकाने थेट शिकवलं, काहींच्या वर्गातल्या तीन मुलांना शिकवलं, काही ठिकाणी दोन्ही केलं, काही ठिकाणी काहीच नाही. आठवड्यातून दोनदा, २० मिनिटं, सहा आठवडे. जिथे वर्गमित्रांना शिकवलं होतं तिथे मुलं वर्गाच्या घोळक्यात जास्त सामावली, मैदानावर कमी एकटी दिसली आणि तीन महिन्यांनीही फरक टिकला. शिक्षकांसाठी ही खर्चिक गोष्ट नाही. एकाच 'चांगल्या' मुलावर जबाबदारी टाकू नका, ते कंटाळतं; तीन-चार जणांत आलटूनपालटून द्या. सुट्टीत एक विषय असलेला कोपरा ठेवा, नको असेल त्याला ग्रंथालयात जाता यावं. वर्गाला निदान सांगायचं की नाही हे पालक आणि स्वतः मूल ठरवेल.

खोटी मैत्री आणि 'नको' म्हणण्याचा हक्क

मित्र हवाच, या ओढीतून मूल फसवलं जातं. 'हे केलंस तरच आपली दोस्ती', 'हे घरी सांगू नकोस', 'सगळ्यांसमोर तो आवाज काढून दाखव'. इतर मुलं हसतात, आणि आपल्यासोबत हसतात असं त्याला वाटतं. 'चांगला मित्र ओळख' हा उपदेश पुरत नाही. तपासता येतील असे प्रश्न द्या: तो एकटा असतानाही माझ्याशी बोलतो का, की फक्त इतर बघत असताना? मी नको म्हटल्यावर थांबतो का? भेटून आल्यावर माझा आकडा किती असतो? सलग तीन वेळा चार असेल तर मोठ्यांना सांगायचं.

इथे घरातल्या आणि थेरपीतल्या सवयी आड येतात. जे मूल वर्षानुवर्षं 'सांगितलं ते कर' म्हणून शाबासकी मिळवतं, त्याला मैदानावर एकाएकी 'नाही' म्हणता येत नाही. मिठी नको, हा पदार्थ नको, आज पाहुणे नकोत, या छोट्या नकारांना घरी मान मिळाला की मोठा नकार जमतो.

डॉक्टरांकडे कधी

ऑटिस्टिक मुलांपैकी शंभरात सुमारे चाळीस जणांना चिंतेचा विकार असतो, असं २०११ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं. त्यामुळे 'ऑटिझम आहे म्हणून असं वागतो' हे उत्तर फार लवकर देऊ नये. झोप किंवा खाणं बदललं, शाळेला जायचं म्हटलं की पोट दुखतं, स्वतःला मारणं वाढलं, किंवा लाडका विषयही नकोसा झाला, तर दखल घ्या. यातली शेवटची खूण सर्वांत सहज सुटते, कारण पालकांना वाटतं बरं झालं, वेड उतरलं. न बोलणाऱ्या मुलात अचानक बदल दिसला तर आधी दात, कान, बद्धकोष्ठता तपासून घ्या. चेहरा कोरा आणि आवाज सपाट ठेवूनही मूल 'मी नसतो तर बरं' म्हणालं, तर ते तितकंच गंभीर आहे. त्याच दिवशी तज्ज्ञांशी बोला आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.

चिंतेसाठी बोलून-सरावातून केले जाणारे उपचार उपयोगी पडतात, मात्र ते ऑटिस्टिक मुलासाठी बदलून घ्यावे लागतात: लेखी आणि चित्ररूप साहित्य, ठरलेल्या मध्यंतर-सुट्ट्या, मुलाच्या आवडीच्या विषयातली उदाहरणं आणि पालकांचा सहभाग. उपचार करणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारा की यातलं ते काय काय करतात.

प्रगती मोजायला मित्रांची संख्या निरुपयोगी आहे. काही मुलांना आठवड्यातून एकदा, एकच मित्र, एक तास एवढंच हवं असतं, आणि ते त्यांनाच विचारून घ्यावं. एका वहीत तीनच गोष्टी लिहा: भेटीनंतर सावरायला किती वेळ लागला, पुढच्या भेटीचा विषय कुणी काढला, आणि त्या दिवशी मुलाने 'नको' किंवा 'थांब' म्हटलं का. दोन-तीन महिन्यांची पानं चाळली की पुढची भेट ४५ मिनिटांची ठेवायची की तासाची, हे त्यातूनच ठरवता येतं.